वसंतभावजींचं पिस्तूल

खंडेनवमी म्हणून आज शिलाई मशीनला तेल दिलं, कुंकू लावलं, आणि त्या वासाने मला द्वारका चौकाजवळच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात नेऊन बसवलं.

यांनी ओझरच्या मित्राकडून, वसंतभावजींकडून, रीतसर परवान्यावर जुनं पिस्तूल घेतलं होतं. दसऱ्यानंतर ते बिघडलं. रिकामं काडतूस आतच अडकायचं, पुढचं वर चढायचं नाही.

"वसंताने खराब माल गळ्यात मारला," हे म्हणाले.

दुकानातल्या मिस्त्रींनी मॅगझिनची स्प्रिंग दाबून पाहिली. ती ठीक होती. मग रिकामं काडतूस ओढणाऱ्या आकड्याखाली त्यांनी सुई फिरवली, तर तेलात कालवलेला लाल मळ निघाला. तो हुंगून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खंडेनवमीला पिस्तुलाची पूजा मीच केली होती, चांगलं चिमूटभर कुंकू वाहून.

"जुना मळ हे, साहेब," मिस्त्री म्हणाले.

"बघ, म्हणत होतो ना," हे मला म्हणाले.

मी गप्प बसले. वसंतभावजींशी यांनी बोलणं कायमचं टाकलं, तरी गप्पच राहिले. यांना काही कळलं नाही, असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

पण आज आठवलं, त्याच्या पुढच्या वर्षी खंडेनवमीला पिस्तुलाची पूजा यांनी स्वतः केली होती. नुसतं फूल वाहिलं. कुंकू नाही.