मित्राला विकलेली गाडी

देवासच्या कारखान्यातून माझी पीथमपूरला बदली झाली, तेव्हा बायकोला धारच्या एका शाळेत नोकरी लागून सहा महिने झाले होते. त्यामुळे बदलीचं दुःख आमच्या घरी कुणालाच झालं नाही. धारला भाड्याचं घर मिळालं, पीथमपूरला जायला कंपनीची बस होती आणि शाळा चालत जाण्याइतकी जवळ होती. प्रश्न उरला तो गाडीचा. नऊ वर्षांची लाल गाडी. नव्या घराच्या गल्लीत ती उभी करायलासुद्धा जागा नव्हती, म्हणून विकायची ठरली.

दोन-तीन लोक येऊन बघून गेले. एकाने टायरला लाथ मारून पाहिलं, एकाने दार चार वेळा उघडून बंद केलं. मला तो प्रकार सहन होईना. तेवढ्यात माझा मित्र म्हणाला, "भिया, बाहेरच्याला कशाला देतोस? मलाच दे ना."

हा मित्र कारखान्यात माझ्याबरोबर बावीस वर्षं होता. मी जळगावकडून नोकरीसाठी आलेला, तपासणी विभागातला. तो मूळचा देवासचाच, स्टोअर्समध्ये. त्याचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले ते इथेच राहिले. त्यांच्या घरी पूजेच्या वेळी असे मराठी शब्द निघतात, जे मी माझ्या आजीच्या तोंडीही ऐकले नव्हते. आणि पूजा आटोपली की तोच माणूस फाटकात उभा राहून दूधवाल्याशी माळवीत बोलतो. मी देवासला नवा होतो तेव्हा पहिली दिवाळी त्याच्याच घरी झाली. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, मला स्वतःच्या मुलासारखं 'अरे-तुरे' करतात. अशा माणसाला गाडी द्यायची म्हणजे ती घरातच राहिल्यासारखी, असं मला वाटलं.

किंमत ठरवायला त्याच्या घरी बसलो. वहिनींनी पोह्यांवर शेव घालून बशा पुढे ठेवल्या. तो म्हणाला, "तू सांग." मी म्हटलं, "तू सांग." तो म्हणाला, "तुझी वस्तू, तूच सांगणार ना." पोहे संपले तरी आकडा कुणी बोलेना. अनोळखी माणसाशी पाच मिनिटांत झालं असतं. शेवटी मी डीलरने सांगितलेल्यापेक्षा दहा हजार कमी करून सांगितलं. त्याने लगेच मान डोलावली. घरी परतताना मला वाटत होतं, आपण मोठेपणा केला. त्याला काय वाटत होतं ते मला पुष्कळ नंतर कळलं. त्याच्या मेव्हण्याने त्याला आणखी कमी आकडा सांगितला होता, पण माझ्याशी घासाघीस करायची त्याला लाज वाटली.

कागद त्याच्या नावावर करायचं आम्ही दोघंही 'करू की, घाई काय' म्हणत राहिलो.

आणि एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.

आदल्या वर्षी मांडूच्या चढावर गाडी गरम झाली होती. काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ आली. मिस्त्रीने तात्पुरतं काम करून दिलं आणि बजावलं, "साब, शहर में चलेगी. घाट में लोड पड़ा तो फिर उबलेगी. एक दिन हेड खोलना पड़ेगा." मी इंजिनचं हेड उघडून घेतलं नाही. गाडी शहरातच चालायची, तिला काही झालं नाही, आणि मी ते विसरलो. म्हणजे विसरलो असं स्वतःला सांगत राहिलो. किल्ली देताना मी एवढंच म्हणालो, "चढावर एसी बंद ठेवत जा." तो म्हणाला, "बरं." पेट्रोल वाचवायला सांगतोय, असं त्याला वाटलं असणार. मी त्याला तसं वाटू दिलं.

धारला आल्यावर त्याचे फोन सुरू झाले. वायपर आवाज करतो. मागची काच अडकते, खाली होत नाही. डिकीतून कसला तरी वास येतो. तो तक्रार करत नव्हता, विचारत होता. पण प्रत्येक फोनला मला आधी मांडूचा चढ आठवायचा. आधी आम्ही एकमेकांना फोन करायचो ते कुणाच्या लग्नाबद्दल, कुणाच्या बढतीबद्दल. आता सगळं बोलणं गाडीपाशी सुरू व्हायचं आणि गाडीपाशीच संपायचं. एकदा देवासला गेलो तेव्हा पाहिलं, त्याने सीटना जांभळ्या रंगाची कव्हरं चढवली होती. मला ती आवडली नाहीत, आणि आपल्याला का आवडली नाहीत याचा रागही आला. बायको म्हणाली, "विकली ना? मग आता वळून वळून बघू नका."

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी त्याचा फोन आला. "रविवारी कन्नौदला चाललोय. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आईला तिला भेटायचंय. ती, मी आणि तुझी वहिनी."

कन्नौदच्या वाटेवर घाट आहे. मला तो चांगला माहीत होता.

"सकाळी लवकर निघा," मी म्हणालो.

"हो, सातला निघतोच."

तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. आता सांगितलं तर 'आधी का नाही सांगितलंस' हे आलंच. शनिवार असाच गेला. मी मनाशी हिशेब मांडत राहिलो: गाडी वर्षभर धड चालली आहे, माणसं तीनच आहेत, सकाळची वेळ आहे.

रविवारी नऊ वाजता बायकोने विचारलं, "काय झालंय तुम्हाला? चहा दोनदा गरम केला मी."

मी तिला सगळं सांगितलं. मिस्त्रीचं बोलणं तिलाही माहीत नव्हतं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "काकूंना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. फोन करा आधी."

सातला निघणारे ते पावणेनऊला निघाले होते, हे मला नंतर समजलं. फोन लागत नव्हता. त्याचा नाही, वहिनींचाही नाही. दर वेळी तीच बाई सांगायची की हा नंबर पोहोच के बाहर आहे. दहा वाजता मी चपला घातल्या. बायकोने पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि ग्लुकोजचा डबा पिशवीत घातला. कुठे चाललात, असं तिने विचारलं नाही.

धारहून बसने इंदूरच्या गंगवाल स्टँडवर उतरलो आणि रिक्षाने नवलख्याच्या स्टँडकडे निघालो, कन्नौदकडच्या बस तिथून सुटतात. वाटेत फोन वाजला. त्याचाच होता.

"भिया, गाडी घाटात उभी राहिली. धूर निघाला पुढून."

"काकू कशा आहेत?"

"घाबरली होती. एक जीपवाला भेटला कन्नौदचा, त्याच्याबरोबर दोघींना पुढे धाडलं. पोहोचल्या असतील आता. मी थांबलोय, चापड्याहून मिस्त्री यायचाय. तू हिला कुठे दाखवायचास रे?"

रिक्षाच्या त्या गोंगाटात मी डोळे मिटून घेतले. दोघी पुढे गेल्या होत्या, एवढंच मला ऐकू आलं होतं.

"तू तिथेच थांब," मी म्हणालो. "मी येतोय."

"धारहून?"

"थांब तू."

कन्नौदवरून जाणाऱ्या खातेगावच्या बसमध्ये उभ्याने गेलो. चापड्यानंतर बसायला जागा मिळाली, पण मी दारातच उभा राहिलो. घाट सुरू झाला आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर लाल गाडी दिसली, बॉनेट उघडं. मी कंडक्टरला थांबवायला सांगितलं.

तो रस्त्याच्या कठड्यावर सावलीच्या बाजूला बसला होता. डोक्यावर ओला रुमाल. मला पाहून उठला. "अरे, तू खरंच आलास. फोनवर सांगितलं असतंस तरी चाललं असतं, कुठली नळी बघायची ते."

मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. तो घटाघट प्यायला. त्याचं पिऊन होईपर्यंत मी थांबलो, कारण नंतर तो माझ्या हातचं पाणी पिईल की नाही, याची मला खात्री नव्हती.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"घाटात ही गरम होणार हे. मागच्या वर्षी मांडूला झाली होती. मिस्त्रीने हेड खोलायला सांगितलं होतं. मी खोललं नाही. तुला सांगितलंही नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. एक ट्रक आवाज करत वर गेला. तो दिसेनासा झाल्यावर त्याने विचारलं, "मला विकायच्या आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि शुक्रवारी? मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही."

तो पुन्हा कठड्यावर बसला. त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, परत काढलं, परत लावलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आई मागे बसली होती, भिया. काच खाली करता येईना. तुझी वहिनी तिला पदराने वारा घालत होती. तपासणीत बसून दिवसभर दुसऱ्याच्या खराब मालाला लाल चिठ्ठी लावतोस तू."

मी बॉनेटपाशी जाऊन उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सांगितलं असतंस तरी मी घेतली असती. तेवढ्याच पैशात घेतली असती. एवढंच वाईट वाटतंय."

चापड्याचा मिस्त्री पिकअप घेऊन आला. त्याने आत डोकावून मान हलवली, गाडीला दोर बांधला आणि आपल्या पोऱ्याला तिच्या स्टिअरिंगवर बसवलं. आम्ही दोघं पिकअपमध्ये पुढे बसलो, मिस्त्रीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. कन्नौद येईपर्यंत तो आरशातून मागची गाडी बघत राहिला. पण सगळं सांगून टाकल्यामुळे मला इतकं हलकं वाटत होतं की त्या हलकेपणाचीही शरम वाटत होती.

मावशींच्या घरी कूलर चालू होता. काकू पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि टरबुजाची फोड खात होत्या. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली मावशी शेजारी. काकूंना तसं बघितलं. मी दारातच खाली बसलो.

"तू धारहून आलास?" काकू म्हणाल्या. "मग जेवला नसशील."

मित्र पटकन म्हणाला, "मीच बोलावलं त्याला. गाडीचं त्याला कळतं म्हणून."

इतक्या रागातही त्याने मला झाकलं होतं. ते मला घेववेना. मी काकूंना जसं होतं तसं सांगितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेल्या.

काकू फोड खायच्या थांबल्या. "लोखंडाची वस्तू, ती बिघडायचीच," त्या म्हणाल्या. "पण तोंड तर तुला देवाने दिलंय ना. आता जेवून घे."

मी जेवलो. वाढलं वहिनींनीच. आमटी वाढताना मात्र त्यांनी 'आणखी घ्या' म्हटलं नाही, जे त्या बावीस वर्षांत कधी विसरल्या नव्हत्या.

मी गाडी परत घ्यायची तयारी दाखवली. तो म्हणाला, बघू. पुढचे तीन आठवडे त्याचा फोन आला नाही. मी केला तर वहिनी उचलायच्या आणि ते बाहेर गेलेत म्हणायच्या. मग एका सकाळी त्याचा फोन आला. "घेऊन जा तुझी गाडी. दिले तेवढे पैसे दे, सीट कव्हरं फुकट ठेव." आवाजात थोडं हसू होतं. कागद अजून माझ्याच नावावर होते. आळसाचा एवढा एक उपयोग झाला. मी पैसे दिले आणि गाडी धारला आणून तिचं हेड उघडून घेतलं. जे काम आधी करायचं होतं, तेच.

मग विकली ती निसरपूरच्या बाजूच्या एका अनोळखी माणसाला. त्याचं बियाण्याचं दुकान होतं. तो बसायच्या आतच मी सुरू केलं: दोनदा उकळली आहे, हेड खोललं आहे, हे मिस्त्रीचं बिल, मागची डावी काच अडकते, वायपर वाजतो. तो हसायला लागला. "साब, गाड़ी बेच रहे हो कि डरा रहे हो?" त्याने बिनधास्त घासाघीस केली, मीही केली. दहा मिनिटांत आकडा ठरला. आधी आरटीओत कागद, मग किल्ली. तो निघून गेला तेव्हा मी फाटकात उभा होतो. त्याचा फोन कधी आला नाही, आणि त्याच्याकडे गाडी कशी चालते हे मला ठाऊक नाही. याचं केवढं सुख असतं, ते तोपर्यंत मला माहीत नव्हतं.

मित्राने देवासच्याच एका डीलरकडून दुसरी गाडी घेतली. थंडीत तो काकूंना आणि वहिनींना घेऊन धारला आला. दोन दिवस राहिले. वहिनी पहिल्या संध्याकाळी बेताचंच बोलल्या. दुसऱ्या सकाळी त्या आणि बायको बाजारात गेल्या, आणि परतल्या तेव्हा दोघी कशावरून तरी हसत होत्या. कशावरून, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. काकूंनी गच्चीवर उन्हात सतरंजी टाकून घेतली. आम्ही दोघं त्यांच्याजवळ हरभरा सोलत बसलो होतो. तो कारखान्यातल्या नव्या साहेबाबद्दल बोलत होता आणि मधूनच माझ्या वाटीतले सोललेले दाणे तोंडात टाकत होता.