रामवाडीहून आलेली चौकशी

रोह्यात पत्ता सांगावा लागत नाही. स्टेशनवर उतरून "पेणची शिलाईवाली" एवढं विचारलं, की रिक्षावाला थेट माझ्या पायरीशी आणून सोडतो. वाटेत माझा नवरा धाटावला कंपनीत आहे, माझी जीभ तिखट आहे, हेही फुकटात सांगतो. वीस वर्षं झाली मला या गावात येऊन. कुणाकडे आज सुकी मासळी भाजली, कुणाचा मुलगा गल्फहून सुट्टीवर आला, मशीन चालवता चालवता सगळं कळतं. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

म्हणून चौकशीचे लोक माझ्याकडे येतात. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. मुलगी बघून झाली, पसंत पडली, की मुलाकडची दोन माणसं पुन्हा एकदा गुपचूप गल्लीत येतात आणि शेजारीपाजारी विचारतात. घरच्यांनी काय सांगितलं ते राहतं बाजूला, शेजारणीच्या तोंडून निघेल ते खरं.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलीला पेणच्या रामवाडीचं, म्हणजे माझ्या माहेरचंच स्थळ आलं. मुलगी धाटावला लॅबमध्ये कामाला. लहानपणी माझ्या दुकानात बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. मुलगा तिला मनापासून आवडला होता. आईच्या आधी मलाच तिने लाजत लाजत मोबाइलवर फोटो दाखवला होता.

आता माझं कर्म ऐका. चौकशीचे लोक आले, त्याच दिवशी सकाळी तिच्या आईने ब्लाउज परत आणून माझ्या टेबलावर आपटला. गळा मोठा झाला म्हणे. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर म्हणते, "पेणच्या हाताला रोह्याचं माप कळायचं नाय!" गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, पण आतून अशी पेटले होते म्हणून सांगू! दुपारी दोन घास गेले नाहीत.

तेवढ्यात मुलाची आत्या आणि काका दारात. "तुम्ही आमच्या रामवाडीच्याच की! मग तुमच्याशी कसला आडपडदा?" आत्या म्हणाली. मी चहा ठेवला. त्यांनी मुलीचं विचारलं. मी म्हटलं, "पोरगी चांगली हाय. नाव ठेवायला जागा नाय." इथेच थांबायला हवं होतं. पण समोर तो ब्लाउज पडलेला. मी पुढे म्हणाले, "शिफ्ट असते ना तिला. बस चुकली की कोणीतरी बाइकवरून सोडतं."

"कोण?" आत्याने बशी खाली ठेवली.

"ते काय मी बघत बसत नाय," मी म्हटलं आणि सुईत दोरा ओवायला लागले.

कोणीतरी! अहो, ते कोणीतरी म्हणजे आमचे हे. त्याच कंपनीत, त्याच शिफ्टला. आणि मीच त्यांना बजावलं होतं, बस चुकली तर पोरीला रस्त्यात उभी ठेवू नका, घेऊन या. 'आमचे हे सोडतात', तीन शब्द होते. ते मी जाणूनबुजून गिळले. तेव्हा बरं वाटलं मला, हेही सांगून टाकते.

आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळवलेली होती. तिची आई ब्लाउजचं भांडण विसरून माझ्याकडेच रडत आली. "कोणीतरी विष कालवलं गो!" मी म्हणाले, "जीभ झडो मेल्याची." तिने माझा हात घट्ट धरला आणि मी तो धरू दिला.

त्यानंतर मुलगी यांच्या बाइकवर बसेना. बस चुकली तर रिक्षाची वाट बघत थांबायची. "मी काय वाईट बोललो का हिला?" हे विचारायचे. मी खाली मान घालून भाकऱ्या थापायचे.

परवा ती मैत्रिणीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला आली. दुकानात आम्ही दोघीच. मी मापाला टेप लावली, तशी म्हणाली, "काकू, एक सांगू? रामवाडीच्या आत्यांचा मला फोन आला होता. शिलाईवाल्या बाई म्हणाल्या तुला कोणीतरी सोडतं, तो कोण, म्हणून विचारत होत्या."

मी टेप गळ्यात टाकून खडू शोधायला लागले.

"मी म्हटलं, कोणीच नाय सोडत. त्यांना कळलं मी खोटं बोलते. मग मोडलंच."

"अगो, मग यांचं नाव का नाय सांगितलंस?"

"कसं सांगणार? तुम्ही 'कोणीतरी' म्हणालात, म्हणजे काकांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी आपली नाक्यावर उतरून चालत यायचे, तुम्हाला दिसणार कुठे? माझ्या तोंडून ते पेणला गेलं असतं तर तुमच्या माहेरी केवढा बोभाटा झाला असता! घरात भांडणं लागली असती. आईलासुद्धा नाय बोलले मी." मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं ना, काकू?"

दिवसभर गावाची पंचाईत करणारं माझं तोंड. एवढं एकदा तरी खरं बोलायचं होतं.

"नव्हतं गो," मी म्हणाले.

"वाटलंच मला." तिने मोकळा श्वास सोडला आणि माप घ्यायला हात वर केले. "काकांना काय बोलू नका हां. त्यांची काय चूक नाय."

"नाय बोलत," मी म्हटलं, आणि तिच्या दंडाचं माप पुन्हा घेतलं. आधी घेतलेलं डोक्यात राहिलं नव्हतं.