जॉबकार्डावरची माझी सही

साडूचा हेवा करण्यात माझी एकवीस वर्षं गेली. आज हे वाक्य सहज लिहून झालं, पण वर्षभरापूर्वी कुणी माझा हात धरून लिहवून घेतलं असतं तरी मी लिहिलं नसतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कटंगीला राहतो, धानाची शेती आहे. मी बालाघाटात, कलेक्टर कचेरीत बाबू. माझे वडील बाबू होते आणि आजोबाही बाबूच. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या काय चालत आलं असेल तर ते फायली नीट लावणं. सासऱ्यांची अडकलेली पेन्शन मी चौदा चकरा मारून सोडवली, पण पंगत बसली की सासूबाई दाराकडे बघत विचारणार, "मोठे जावई आले का?" मोठे जावई उशिरा येणार, हसत येणार, हातात शेतातल्या वांग्यांची पिशवी असणार, आणि त्या वांग्यांचं असं कौतुक होणार की मी आणलेला पेढ्यांचा डबा कुठल्या खोलीत गेला ते कुणाला आठवायचंही नाही. मला आठवायचं.

गाडी मात्र आधी मी ठरवली होती. माझी बायको शिक्षिका आहे. तिची शाळा उकव्याच्या रस्त्यावर, घाट चढून गेल्यावर. तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की क्लच दाबणं आता जमणार नाही. म्हणून ऑटोमॅटिक गाडी. मी दोन महिने अभ्यास केला, वहीत तक्ता आखला, चार गाड्यांचे गुणदोष लिहिले. बुकिंगच्या दिवशी साडू बालाघाटात आला होता, तो सहज सोबत शोरूममध्ये आला. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "भाऊनं पाह्यली म्हनजे बरोबरच असन. मलेही हेच द्या."

तीच गाडी, तोच पांढरा रंग. माझ्या दोन महिन्यांच्या अभ्यासावर त्यानं दहा मिनिटांत गाडी घेतली. दोन्ही गाड्या एकाच दिवशी मिळाल्या. शोरूमवाल्यांनी एकत्र फोटो काढला, त्यात तो मधोमध आहे आणि मी हारामागे अर्धा झाकलेला. तो फोटो त्यांनी कितीतरी महिने काऊंटरमागच्या भिंतीवर लावून ठेवला होता.

तिसऱ्या वर्षी आमची गाडी झटके देऊ लागली. घाटात, चढावर गिअर बदलताना, मागून कुणी ढकलावं तसा झटका. आधी बायकोच्याच लक्षात आलं, कारण रोज तीच चालवायची.

"अहो, गाडी मधातच झटका मारून राह्यली."

"रस्ता खराब आहे."

"रस्ता तं आताच नवा झाला ना."

मी स्वतः चालवून पाहिली. झटका होता, आणि चांगलाच होता. पण त्याच आठवड्यात एका लग्नात मी साडूला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमची कशी चालते?" तो म्हणाला, "एकदम मख्खन, भाऊ! तुमची?" मी म्हणालो, "माझी तर मख्खनाहून मऊ." आणि घरी येताना बायकोला बजावलं, "भाऊजींना काही सांगू नको." तिनं विचारलं, "काहून?" मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वॉरंटी संपायला दीड महिना उरला असताना दोन्ही गाड्यांची सर्व्हिस आली. मोठं वर्कशॉप गोंदियाला. साडू आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला आला आणि सकाळी आम्ही मागेपुढे निघालो. राजेगावला चहा घेतला. चहा संपल्यावर त्यानं टेबलावरची माझी किल्ली उचलली. "तुमची चालवून पाहू द्या एकदा. माही तुम्ही घ्या."

नाही म्हणायला कारण सापडेना. गोंदियापर्यंत तो माझी गाडी घेऊन पुढे आणि मी त्याची घेऊन मागे. मी त्या गाडीत झटका शोधत होतो. मुद्दाम वेग कमी केला, वाढवला, पुलाच्या चढावर जोरात दाबली. काही नाही. गाडी तुपासारखी जात होती. एकाच कारखान्यातून, एकाच महिन्यात निघालेल्या गाड्या, आणि त्याचीच चांगली निघावी याचा मला इतका संताप आला की वर्कशॉपचं वळण चुकलं.

वर्कशॉपमध्ये टॅब घेतलेली एक मुलगी गाड्या लिहून घेत होती. तिनं आधी मला विचारलं, "सर, गाडीत काही कंप्लेंट?"

साडू माझ्या शेजारी उभा होता. माझ्याकडेच बघत होता.

"काही नाही," मी म्हणालो. "एकदम फर्स्टक्लास."

तिनं लिहिलं. मग साडूकडे वळली. तो जरा थांबला. पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माही झटका मारते. चढावर, गिअर बदलताना. लिहून घ्या बरोबर."

मला मनात हसू आलं. वीस मिनिटांपूर्वी ती गाडी मी चालवली होती. झटक्याचा पत्ता नव्हता. वॉरंटी संपायच्या आत कंपनीकडून फुकटात काहीतरी उपटायचा याचा बेत दिसतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं. एवढ्या मोठ्या जावयाची ही नियत, आता सासूबाईंनी बघायला पाहिजे होतं. त्या खुशीत मी पुढे आलेल्या जॉबकार्डावर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीवर, सही केली. तक्रार नाही, ग्राहक संतुष्ट, खाली माझी सही, तारखेसकट. तारखेशिवाय मी सही करतच नाही. साडूची गाडी त्यांनी फिरवून पाहिली, काही आढळलं नाही असा शेरा मारला आणि परत दिली.

वॉरंटी संपून आठ महिने झाले आणि आमची गाडी घाटात उभी राहिली. बायको एकटी होती. मागून येणाऱ्या बसवाल्यानं तिला बसमध्ये घेतलं. गिअरबॉक्स गेला होता. वर्कशॉपनं सांगितलेला खर्च मला परवडणारा नव्हता. गाडी टोचन लावून, ओढत घरी आणली आणि अंगणात ताडपत्रीखाली उभी केली.

मग मी माझं शस्त्र काढलं. अर्ज. लोकांचे हजारो अर्ज मी वाचले आहेत, शेकडो दुरुस्त केले आहेत. नेटवर शोधलं तर याच गिअरबॉक्सबद्दल ठिकठिकाणच्या लोकांची ओरड सापडली. ती सगळी जोडून, संदर्भ क्रमांक घालून, कंपनीला तीन पानी पत्र पाठवलं: दोष गाडीत पहिल्यापासूनचा आहे, वॉरंटी संपली म्हणून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. उत्तर चार ओळींचं आलं. वॉरंटीच्या काळात आपण कोणतीही तक्रार नोंदवलेली नाही. सोबत जॉबकार्डाची प्रत. सही तारखेसकट.

मी गोंदियाला जाऊन भांडलो. झटका तेव्हाही होता, असं ओरडून सांगितलं. तीच मुलगी होती. ती शांतपणे म्हणाली, "सर, लेखी आहे का?"

माझ्या खिडकीशी आलेल्या प्रत्येक माणसाला मी तीस वर्षं हेच विचारत आलोय.

बायको बसनं जाऊ लागली. सकाळची बस, तिची उंच पायरी. मी स्टँडवर सोडायला जायचो. ती दांडा धरायची, उजवा पाय वर टाकायची आणि डावा पाय वर घेताना क्षणभर डोळे मिटायची. ती मला एकदाही टोचून बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

दोन महिन्यांनी साडूचीही गाडी गेली. तसाच गिअरबॉक्स, तसाच चढ. खरं सांगायचं तर बातमी ऐकून त्या दिवशी मी एक पोळी जास्त खाल्ली. पण पंधरा दिवसांत तो पेढे घेऊन दारात. कंपनीनं नवा गिअरबॉक्स घालून दिला होता, एक पैसा न घेता. वॉरंटीतली तक्रार नोंदलेली होती ना. खोटी तक्रार! माझा खरा झटका ताडपत्रीखाली सडत होता आणि त्याच्या खोट्या झटक्याला नवा गिअरबॉक्स मिळाला होता. तो पेढा मी तसाच बशीत ठेवला. रात्रभर नव्हे, महिनाभर मी जळलो. कचेरीत चांगल्या अर्जांवरही शेरे मारले.

शेवटी वकील गाठला. ग्राहक आयोगात जायचं ठरलं. वकिलानं कागद चाळले आणि म्हणाला, "वारंटी के बाद भी केस बनता है, बाबूजी. दोष अंदर का हो, पहले से हो, तो बनता है. पर आपके खिलाफ आप ही के दस्तखत हैं. वारंटी के टाइम में झटका किसी और ने देखा हो, तो गवाह लाओ."

बायको होतीच. पण बायकोची साक्ष घरचीच, आणखी कुणी असेल तर बरं, असं तो म्हणाला. त्या संध्याकाळी साडू आला होता. बायकोनं त्याला सगळं सांगून टाकलं, माझ्यादेखत. मी ताडपत्रीकडे बघत बसलो.

"मी देतो ना गवाही," तो म्हणाला. "मीनं चालवली होती तुमची गाडी. राजेगावापासून. चार झटके मारले तिनं."

मी वळून पाहिलं. "मग तेव्हा बोलला का नाही?"

"कसा बोलू? तुमीच म्हनलं, फर्स्टक्लास हाय. पोरीसमोर तुम्हाले खोटं पाडू का?" तो जरा घुटमळला. "मले वाटलं, मीनं माह्या गाडीचं सांगतलं तं तुम्हालेही सांगाले सोपं जाईन. तुमीही म्हनान, माहीपण तशीच करते. म्हनून तुमच्या गाडीचा झटका माह्या नावानं लिहवला. तुमी तं सहीच करून टाकली."

वर्कशॉपमधलं त्याचं ते थांबणं मला आठवलं, पुन्हा माझ्याकडे पाहणं आठवलं. मी त्याला लबाड समजून खूश झालो होतो. तो माझ्यासाठी दार उघडून उभा होता आणि मी त्याच्या नाकावर टिच्चून बाहेर राहिलो होतो. आणि अगदी प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी मला आधी लाज वाटली नाही. आधी हेवाच वाटला. वांगी झाली, पंगतीतली जागा झाली, गिअरबॉक्स झाला, आता मनही याचंच मोठं निघावं! लाज नंतर आली, बायकोनं चहाचे कप उचलताना भिंतीचा आधार घेतला तेव्हा.

"तुमची गवाही नको," मी म्हणालो. "तुमचीच तक्रार खोटी होती असं होईल. ते तुमच्या गाडीचं परत उकरतील."

"उकरू द्या. माहं काय जाते?"

"नको म्हटलं ना."

शपथपत्र मी स्वतः लिहायला घेतलं. गाडी कधी घेतली, झटका कधी सुरू झाला, सगळं भराभर लिहून झालं. मग कलम आलं: तक्रार का नोंदवली नाही. तिथे माझा पेन तीन दिवस अडला. 'कामाच्या गडबडीत राहून गेलं' असं लिहिलं आणि खोडलं. 'अज्ञानामुळे' लिहिलं, तेही खोडलं. चौथ्या दिवशी लिहिलं: माझ्या साडूची गाडी चांगली चालत होती आणि माझी बिघडली आहे हे त्यांच्यासमोर दिसू नये, म्हणून मी मुद्दाम सांगितलं नाही.

वकिलानं वाचलं, चष्मा काढला. "ये लिखना ज़रूरी है क्या?"

"हौ," मी म्हणालो. खाली सही केली, तारीख घातली. बायकोनं तिचं शपथपत्र वेगळं दिलं. माझं वाचून ती एवढंच म्हणाली, "मले माहीत होतं."

प्रकरण अजून आयोगात आहे. पुढच्या तारखेला काय होईल, ते वकिलालाही माहीत नाही. पण साडू गेल्या महिन्यात आला आणि त्याची गाडी आमच्या अंगणात लावून बसनं कटंगीला परत गेला. किल्ली माझ्या हातात न देता त्यानं बायकोच्या हातात दिली. "केसचं होईन तेव्हा होईन. तुमचा गुडघा काहून थांबन?"

सुट्टी असली की मी तिला शाळेत सोडायला सोबत जातो. म्हणजे चालवते तीच, मी नुसता शेजारी बसतो. परवा घाट लागला तसा मी कान देऊन बसलो. तिनं विचारलं, "काय आयकून राह्यले?"

एरवी मी 'काही नाही' म्हणालो असतो.

"तुझ्या भाऊजींच्या गाडीत झटका शोधतोय," मी म्हणालो.

"सापडला?"

"नाही."

तिनं दुखरा पाय आरामात लांब केला आणि चढावर गाडी आणखी थोडी जोरात घेतली. मी शाळेपर्यंत ऐकत राहिलो.