आईला न येणारी कानडी

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बेळगावात माझं छोटं ऑफिस आहे. पायाभरणीला नारळ फोडायची वेळ आली की नारळ गवंड्याच्या हातात देऊन मी बाजूला उभी राहते. अमावास्येला स्लॅब टाकलेत, कुणाला काही झालं नाही. या ग्रुपवर येणारे गूढ अनुभव मी वाचते ते… खरं सांगू? चहाबरोबर, करमणूक म्हणून. आज मीच लिहायला बसलेय. हसू आलं तर खुशाल हसा.

बेळगावहून निपाणीकडे जाताना, संकेश्वर यायच्या आधी, हायवे सोडून आत एक थीम पार्क आहे. नाव लिहीत नाही, मालक ओळखीचे आहेत. शाळांच्या सहली येतात तिथे – पाण्याच्या घसरगुंड्या, फायबरचे डायनोसोर, छोटी रेल्वे असं सगळं. मागच्या बाजूला टेकडीच्या उतारावर ओपन एअर थिएटर आहे. अर्धगोल दगडी पायऱ्या, खाली स्टेज, स्टेजमागे दोन ग्रीनरूम. एकेकाळी तिथे जादूचे प्रयोग, डान्स, बोलक्या बाहुल्या असे शो चालायचे. लॉकडाऊनमध्ये बंद पडलं ते पडलंच. मालकांना ते पुन्हा सुरू करायचं होतं. नवीन स्टेज, लाइट, साउंड, वरती ताणलेल्या कापडाचं छत. काम मला मिळालं.

पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा पायऱ्यांच्या सांध्यांतून पिंपळाची रोपं आलेली, स्टेजच्या फळ्या वाळवीने खाल्लेल्या, ग्रीनरूममध्ये गांधीलमाश्यांचं पोळं. पण दगडकाम पक्कं होतं. पायऱ्या तशाच ठेवून फक्त सांधे भरायचे, असं मी ठरवलं.

नेमकी त्याच सुमारास घरी अडचण झाली.

आई माझ्याकडे असायची. वय झालेलं, आणि आठवणी एकेक करून पुसत चाललेल्या. मला ती ‘बाई’ म्हणायची. “बाई, तुमचं गाव कुठलं?” असं विचारायची. सुरुवातीला मी मोरीत जाऊन रडून यायचे. मग उत्तर द्यायला शिकले – “कंग्राळी.” “अगंबाई! मग आमच्याच गावच्या की!” म्हणून ती इतकी खूश व्हायची… दिवसातून कितीदा तरी आमची अशी नव्याने ओळख व्हायची.

तिला सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या. अण्णा, माझा भाऊ, पुण्यात. घरी एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. शेवटी तिला गाडीत घालून साइटवर न्यायला लागले. डबा, पाण्याची बाटली, टोपी आणि बसायला हातांची खुर्ची.

खुर्चीवर ती बसलीच नाही. पायऱ्यांच्या डाव्या टोकाला कडुलिंबाची सावली पडते, तिथे जाऊन दगडावर पाय खाली सोडून बसली, शो बघायला आल्यासारखी. आणि मग कसली कटकट नाही, काही नाही. घरी दुपार झाली की “मला घरी जायचं हाय” म्हणून दार वाजवत राहायची. इथे ब्रेकरचा आवाज, धूळ, माणसांची आरडाओरड, आणि ही शांत. मला बरंच वाटलं.

काही दिवसांनी लक्षात आलं की ती बाजूला सरकून बसते. कुणाला जागा करून दिल्यासारखी. जेवताना अर्धी भाकरी शेजारी दगडावर ठेवते. खारी येऊन खायच्या. ओठ हलत असायचे. मी म्हटलं, चालायचंच.

मग एकदा तिला पाणी द्यायला वर गेले आणि पायरीवरच थबकले.

आई कानडीत बोलत होती.

हे नीट सांगायला हवं. आईचं माहेर उचगाव, सासर कंग्राळी. घरात, शेतात, भजनात सगळीकडे मराठी. तिची कानडी म्हणजे बाजारातली – एष्टु, बेड, इल्ला; किती, नको, नाही, एवढीच. बसचा कंडक्टर जरा जास्त बोलला की ती माझ्या तोंडाकडे बघायची. आणि इथे ती अखंड बोलत होती. मध्येच थांबून ऐकत होती, “हौदव्वा, हौद”, हो गं बाई, हो, म्हणून मान डोलवत होती. मला कानडी चांगली येते, कामच सगळं त्यात चालतं. पण ही आमच्या ऑफिसातली कानडी नव्हती. गोकाककडच्या खेड्यातल्या बायका बोलतात तशी, लांब हेल काढलेली. पावसाचं, गुडघ्यांचं, कुठल्याशा शेळीचं काहीतरी चाललं होतं.

“आई, कुणाशी बोलतीस गं?”

ती वळून मराठीत म्हणाली, “ही न्हवं का, झाडणारी. दमलीया. जरा टेकू द्या की बाई तिला.”

मला वाटलं, पार्कातली एखादी सफाईवाली येऊन बसत असेल, आत्ता उठून गेली असेल. शब्दही आईने तिच्याकडूनच उचलले असतील. मला तेवढं पुरलं त्या वेळी.

पार्कचं सगळं बघायचे ते बसवराज. आम्ही सगळे बसण्णा म्हणायचो. पन्नाशीचा माणूस, उंच, कमी बोलणारा, गोकाक तालुक्यातला. पंपाच्या चाव्यांपासून तिकिटांच्या गर्दीपर्यंत सगळं त्यांच्याकडे. संध्याकाळी निघताना मी त्यांना सहज म्हटलं, “बसण्णा, तुमची एक झाडणारी बाई आईजवळ येऊन बसते. तिला रागवू नका हं. आईला सोबत होते.”

“कुठं बसती?”

मी जागा दाखवली.

ते म्हणाले, “आक्का, ह्या साइडला कुणाचीच ड्यूटी न्हाय. बंद पडल्यापासनं न्हाय. तुमचीच माणसं येत्यात इकडं.” मग म्हणाले, “पैलं माझी आई होती इथं झाडायला. शो सुटला की पायऱ्या तीच झाडायची. झालं की तिथंच बसायची, झाडाखाली.”

“आता कुठं असतात त्या?”

“गेली की.”

आणि ते चाव्या घेऊन निघून गेले. गाडीत माझ्या हातावर काटा आला होता, हे कबूल करते. पण शेजारी आई बिस्किट खात होती, मला “बाई, हा रस्ता कुठं जातो?” विचारत होती… तिच्या शेजारी बसून भीती कशी वाटणार?

दुसऱ्या दिवशी मी आईला दुसरीकडे बसवून बघितलं, स्टेजजवळ. तिने दहा वेळा उठून तिकडेच जायचा हट्ट केला. शेवटी मीच हात धरून नेऊन बसवलं.

बसण्णा मात्र आमच्याकडे फिरकेनात. चावी लागली तर पोऱ्याबरोबर पाठवायचे. मला उगीच वाटत राहिलं की आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं.

मग एका सकाळी पंपाचा काहीतरी घोळ झाला आणि त्यांना यावंच लागलं. लख्ख ऊन होतं. गवंडी सांधे भरत होते, मी खाली स्टेजच्या मापात होते. बसण्णा पायऱ्यांच्या कडेने उतरत होते, मान खाली घालून. आईच्या समोरून पुढे गेले, आणि आईने हाक मारली.

“गुब्ब्या!”

गुब्बी म्हणजे चिमणी. मला वाटलं, चिमणी दिसली असेल तिला. पण बसण्णा जागच्या जागी उभे राहिले. हातातला पाना खाली पडला, तो खडखडत दोन-तीन पायऱ्या उतरून माझ्यापर्यंत आला. म्हणून मी वर बघितलं.

आई त्यांच्याकडे बघत होती. तिने आपला तळवा स्वतःच्या टाळूवर ठेवला, मग बोट त्यांच्याकडे केलं. पुन्हा टाळू, पुन्हा त्यांच्याकडे बोट. आणि लाडाने रागावतात तशा आवाजात म्हणाली, “तलिगे एण्णी हच्कोंडिल्लेनो?”

डोक्याला तेल लावलं नाहीस का रे?

“बा इल्ली. कुंद्रु.” इकडे ये. बस.

बसण्णा तिच्या पायाशी खालच्या पायरीवर बसले. एवढा उंच माणूस, गुडघे जवळ घेऊन. आई त्यांच्या डोक्यावरून कोरडाच हात फिरवायला लागली, आणि ते रडायला लागले. गवंड्यांनी थाप्या खाली ठेवल्या. आईने माझ्याकडे बघून मराठीत फर्मावलं, “तेल आणा की बाई. नुसत्याच काय उभ्या ऱ्हायलाय?”

तेल कुठून आणणार? मी कँटीनकडे पळाले. आचाऱ्याने वाटीत भजी तळायचं तेल दिलं. तेच आईने ओंजळीत घेतलं आणि त्यांच्या टाळूवर थापलं. छान चोळून चोळून लावलं, कानामागे, मानेवर. कानडीत काय काय पुटपुटत होती. बसण्णा नुसते “हूं यव्वा… हूं” म्हणत होते, हो आई, हो. लहानपणी ती माझ्या डोक्याला अशीच तेल लावायची, अगदी हाच हात… मी तिथे उभी राहून बघत होते आणि, खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटला.

नंतर कँटीनमागे चहा घेताना बसण्णांनी सांगितलं. कपाळावर तेलाचे ओघळ तसेच होते.

त्यांच्या आईचं नाव गंगव्वा. शेवटी अर्धांगवायू झाला, वाचा गेली. एक हात तेवढा हलायचा. बसण्णा समोर आले की ती टाळूवर हात ठेवायची आणि त्यांच्याकडे बोट करायची. सारखं. “मला वाटायचं, तिचं डोकं दुखतंय. गोळ्या दिल्या, डॉक्टर बदलला, हुबळीला नेऊन स्कॅन केला. ती नको नको म्हणून मान हलवायची, परत तसंच करायची. शेवटच्या दिवशीबी केलं, आक्का. मला कळलंच न्हाय. वाटायचं, आईला लई दुखत होतं आणि मी बसलो बघत.”

मग हसले, रडता रडताच. “आणि ती म्हणत हुती, तेल लाव म्हणून! मरायला टेकली हुती, आणि माझ्या केसाचं बघत हुती!”

“आणि गुब्ब्या?”

“लहानपणी लई बारीक होतो मी. ती एकटीच म्हणायची, तेबी घरात कुणी नसलं तर. माझ्या बायकोला सुद्धा म्हाईत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी आई त्याच पायरीवर जाऊन बसली. भाकरी सगळी स्वतः खाल्ली. बाजूला सरकली नाही. दुपारी मी जवळ जाऊन विचारलं, “आई, ती झाडणारी आली न्हाय व्हय आज?”

“कोण हो झाडणारी?”

मी कानडीत विचारून बघितलं, जेवलीस का म्हणून. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, कंडक्टर बोलला की बघायची तशी. त्यानंतर तिच्या तोंडून कानडी कधीच आली नाही. एक शब्द नाही.

अण्णाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात काय काय साठलेलं असतं, लहानपणी शेतावर कुणी कानडी बाई कामाला असेल. असेल. कोरडे केस बघून कुठलीही म्हातारी तेल लाव म्हणेलच की. तेही खरं. आमच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितल्या. पण गुब्ब्या? आणि तो टाळूवरचा हात?

थिएटर सुरू झालं. आता सुट्टीच्या दिवशी गच्च भरतं, पोरं किंचाळत असतात. पहिल्या शोला मी आईला घेऊन गेले होते. जादूगाराने रुमालातून कबुतर काढलं तेव्हा तिने इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढची माणसं वळून बघायला लागली. बसण्णा सगळं कुटुंब घेऊन आले होते. येऊन आईच्या पाया पडले. तिने त्यांना ओळखलं नाही. “सुखी ऱ्हावा” म्हणाली, आणि हळूच मला विचारलं, “कोण हो बाई हे? भला माणूस दिसतोय.”

गेल्या वर्षी आई गेली. झोपेतच, शांतपणे. मी तिची कोण, हे तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. निदान तिने तसं म्हटलं नाही. मला काही सांगायचं तिच्या मनात राहिलं होतं का, हेही मला माहीत नाही.

पण तेव्हापासून माझं एक झालंय. बसस्टँडवर, दवाखान्यात, कुणाच्या लग्नात एखादी अनोळखी म्हातारी माझ्याकडे टक लावून बघायला लागली, की मी हातातलं काम सोडते. तिच्याजवळ जाऊन बसते. ती मराठी बोलो, कानडी बोलो, कोकणी बोलो… मध्ये बोलत नाही. तिचं पुरं होऊ देते.