काखेतला वरवंटा

वरवट बकालला आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टी तोंडानं कधी मागायचा नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी तो ओट्यावर येऊन बसायचा, पाणी प्यायचा, कपाशीची विचारपूस करायचा आणि उठताना पट्टी न भरलेल्या घरातला वरवंटा काखेत मारून न्यायचा.

"थाळी नेली तं लोक पानावर जेवतात," तो म्हणे. "चटणीबिगर कोनाचंच भागत नाही."

संध्याकाळपर्यंत पट्टी भरली जायची, दंड टळायचा, वरवंटा परत यायचा. आई त्याच्यावर चिडायची, पण चहा द्यायची.

एका वर्षी त्याचीच बायको मिरच्या घेऊन आमच्या पाट्यापाशी बसली.

"तुह्या घरी वरवंटा नाही काय वं?" आईनं विचारलं.

"पंचायतीत हाये," ती म्हणाली. "ह्यायनं सकाळीच नेला."