बटाट्यांच्या तळघरातला हळदीचा वास

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पंप दुरुस्त करणारा माणूस मी... आवाज आला की बेअरिंग, वास आला की वायर, एवढं सरळ गणित.

२०१४ साली मी ओमानमध्ये, निझवा शहराच्या वर, जबल अख्दरच्या डोंगरात एका शेतावर कामाला होतो. मूळचा सांगलीकडचा. आमचे वडील, अण्णा, हळदीच्या पेवांवर हमाल होते. पेव म्हणजे जमिनीतलं खोल कोठार. भरलं की तोंड मातीने लिंपून टाकायचं. आदल्या वर्षी अण्णा गेले. रजा मिळून मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ते फार सलायचं.

त्या उन्हाळ्यात मी तिथे बटाटे लावले, आलेही भरपूर. डोंगरावर हिवाळ्यात हाडं गोठतात, म्हणून शेतावरच्या जुन्या, शिडीने उतरायच्या तळघरात ते रचून ठेवले. वर शहाणपणा असा, की झाकण पेवासारखं मातीने गच्च लिंपलं. हमालाचा पोरगा मी, मला कोण शिकवणार! हळद वाळलेली असते आणि बटाटा ओला, तो आत कुजून हवा विषारी करून टाकतो — हे काही डोक्यात आलं नाही.

दोन महिन्यांनी, एका शुक्रवारी सकाळी माती फोडून झाकण सरकवलं. मालक, म्हणजे आमचे अर्बाब, टोपली घेऊन शेजारीच उभे.

"यल्ला, जल्दी उतरो!"

मी शिडीवर एक पाय ठेवला आणि... हळदीचा वास. अण्णांच्या बंडीला यायचा ना, अगदी तोच!

अर्बाबनी नाक वर केलं. "कुर्कुम? नीचे हल्दी रखा है तुम?"

"नहीं अर्बाब. सिर्फ आलू."

आणि एकदम अण्णांचं बोलणं आठवलं — "पेव उघडलं की आधी कंदील सोड. जळत राहिला तरच उतरायचं बघ."

पाय मागे घेतला. डब्यात मेणबत्ती लावून दोरीने खाली सोडली. अर्ध्यावर विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. अर्बाबच्या हातून टोपलीच पडली. "अल्हम्दुलिल्ला," ते पुटपुटले. मी दोरी वर ओढून घेतली. हळदीचा वास आता गेला होता. वर येत होता तो कुजक्या बटाट्यांचा भपकारा.

तळघर दोन दिवस उघडं ठेवलं, मेणबत्ती खालपर्यंत जळली, मगच उतरलो. बटाटे सगळे फेकले. हळदीचा कण नव्हता तिथे, झाडू मीच मारला होता. मित्र म्हणतात, मनाचे खेळ. असतीलही... पण मग अर्बाबना वास कसा आला? त्यांना ना अण्णा माहीत, ना पेव.

लहानपणी अण्णा शाळेत आले की त्या वासाची लाज वाटून मी लांब उभा राहायचो. आता घरात हळदीचा डबा उघडला की हात आपोआप जोडले जातात. बायको हसते. हसू दे. अण्णांची शेवटची भेट हुकली म्हणून वर्षभर रडत होतो... ती हुकली नव्हती.