पिशवी गेली, मग राग गेला

गर्भाची पिशवी काढल्यावर माझा राग गेला. लोक म्हणतील, बरं झालं. पण माझ्याजवळ दुसरं होतं काय? पत्रकं लिहायला शिकले ती रागावरच. रस्ता, रेशन, दवाखान्यातली रिकामी खुर्ची. आणि सगळ्यात जास्त आमच्या गावाबाहेरचं कुर्माघर. पाळी आली की बायकांनी घर सोडून तिथं राहायचं, कुणाला शिवायचं नाही. "हे बंद झालंच पाहिजे!" असं मी ठळक अक्षरात छापायचे आणि माझी पाळी आली की मुद्दाम घरीच झोपायचे. आई मग अबोला धरून अंगणात वेगळी चूल मांडायची.

पुढे पिशवीत गाठी झाल्या. रक्त थांबेना. चंद्रपूरला पिशवी काढली, आणि अंडाशयांवरही गाठी होत्या म्हणून तीही दोन्ही. वय बत्तीस. भेटायला येणारी प्रत्येक बाई तेच म्हणायची, "सुटली बाई तू." आई तर खूशच. भांडणाचं मूळच गेलं होतं.

मी कसली सुटते! भर थंडीत अंग पेटायचं, घामानं ओढणी भिजायची, झोप उडायची. दिवसभर नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कुरखेड्याहून संघटनेच्या मीटिंगसाठी फोन यायचे, मी उचलत नव्हते. एकदा पाऊस पडत असताना कुर्माघराच्या छपराची कवेलू उडालेली दिसली. आत बाया होत्या, पाणी आत जात होतं. मला काहीच वाटलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

"तरास होता तवा अशी नाई पडली," आई म्हणाली. "आता काऊन पडून राह्यली?"

चंद्रपूरला डॉक्टरबाईंकडे परत गेले. त्या म्हणाल्या, अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन एकदम खाली येतं, झोपेवर, मनावर, हाडांवर परिणाम होतो. तुझ्या वयात ते बाहेरून द्यायला हवं. मग हे ऑपरेशनच्या आधी का नाही सांगितलं? एरवी मी टेबल वाजवून विचारलं असतं. त्या दिवशी मान हलवली, त्यांनी दिलेली जेलची ट्यूब झोळीत टाकली आणि एसटीत बसले. ते जेल रोज दंडाला चोळायचं.

काही आठवडे गेले. झोप लागायला लागली, एवढंच. एका पावसाळी दुपारी कुर्माघरातून हसणं ऐकू आलं. घरात मी एकटी होते. उठून तिकडे गेले.

"आली पत्रकवाली!" माझी मामी आतून ओरडली. "थांब तिथीच, शिवशीन!"

"पत्रक नाई आणलं. बसाले आली."

"इथी बसाले का लागते मालूम हाय ना?" दुसरी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

मीही हसले, पण ते खरंच होतं, तिथं बसायला पाळी लागते. ज्या घरात जायला मी इतकी वर्षं नकार दिला, तिथं आता मला कुणी बोलावणारच नव्हतं. मी बाहेरच वळचणीखाली बसले.

"ते मलम लावते म्हणे तू," मामीनं विचारलं. "त्यानं पाळी येते का?"

"पिशवीच नाई तं कशी येईन?"

"मंग कायले लावते?"

"जगाले," मी म्हणाले.

तेवढ्यात मामीच्या अंथरुणावर पाणी टपकताना दिसलं. "मामी, गोधडी भिजून राह्यली."

"रोजचंच हाय."

रोजचंच! माझे कान तापले. आधी वाटलं, आली ती रोजची आग. पण घाम नव्हता. हा राग होता, माझा जुना राग. मी सरळ आत घुसले, बायांना बाजूला सारलं आणि गोधडी ओढून कोरड्या कोपऱ्यात टाकली.

"अवो, शिवली!" मागून ओरडा झाला.

बातमी माझ्याआधी घरी पोचली. आई दारात बादली घेऊन उभी. "आंघोळ केल्याबिगर आत पाय नाई ठेवाचा."

"नाई करत."

तिनं बादली तिथंच ठेवली आणि पाठ फिरवली. मी ओट्यावर ओल्या कपड्यांनी बसले. अंधार पडत आला. तिकडे बायांचं हसणं पुन्हा सुरू झालं, इकडे घर गप्प. दोन्हीकडे माझी जागा नव्हती.

"आई, माझी ट्यूब तेवढी दे."

मग ती बाहेर आली, मला शिवायला नको म्हणून हातभर अंतरावर जमिनीवर ट्यूब ठेवली आणि आत गेली.